तीन बाटल्या, एकच औषध

पत्र :

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही तुळजापूर तालुक्यात डोंगराकडेच्या गावात राहतो. माझ्याकडे उस्मानाबादी शेळ्या आहेत. होत्या २१, आता १५ मोठ्या आणि ४ करडं, अशा १९ राहिल्या. श्रावणात दोन गेल्या. आधी शेळी मागं राहायला लागते, मग जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखं दिसतं. संध्याकाळी रानातून आल्यावर ते जास्त असतं, सकाळी ओसरलेलं असतं. हगवण नाही, लेंडी चांगली गोळीबंद पडते, मग जंत कसे म्हणायचे? तरी आषाढापासून तीनदा जंताचं औषध पाजलं, दर वेळी वेगळ्या कंपनीचं, सगळ्यांना एकेक बूच. बाटल्यांचे आणि बुचाचे फोटो पाठवले आहेत. सासूबाई म्हणतात मोरचुदाचं पाणी पाजा. दुकानदार म्हणतो आता इंजेक्शनशिवाय पर्याय नाही. चारही करडं दीड-दोन महिन्यांची आहेत, ती मात्र पातळ हगतात. शेळ्या पाझर तलावाच्या कडेला चरतात. त्यातल्या ५ मी चैत्रात बाजारातून आणल्या होत्या. बोकड कळपातच असतो. काय करू?

— एक शेळीपालक

उत्तर :

ताई, पत्र वाचून औषध सांगायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. पण तुमच्या पत्रात दोन गोष्टी इतक्या नेमक्या लिहिल्या आहेत की पुष्कळसा अंदाज इथं बसूनही बांधता येतो. एक म्हणजे जबड्याखालचं पाणी संध्याकाळी वाढतं, सकाळी ओसरतं. दुसरी म्हणजे हगवण नाही.

रक्त पातळ झालं, त्यातली प्रथिनं घटली, की पाणी शिरांमध्ये टिकत नाही, पाझरून सखल जागी उतरतं. दिवसभर मान खाली घालून चरणाऱ्या शेळीची सखल जागा म्हणजे जबड्याखालची पोकळी. रात्री ती मान वर करून बसते आणि पाणी मागं जातं. म्हणजे तुमच्या शेळ्यांचं रक्त कुणीतरी पितंय. गोचीड, उवा अंगावर दिसल्या असत्या. यकृतातला चपटा कृमीही रक्त कमी करतो, आणि तलावाकाठी तुमची चराई असल्यामुळे त्याचा संशय मी पूर्ण सोडलेला नाही. पण पावसाळ्यात, एवढ्या झपाट्यानं, आणि लेंडी गोळीबंद राहून होत असेल, तर पहिला आरोपी हिमोंकस नावाचा जंत. हा आतड्यात नसतो. पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो आणि तिथल्या आवरणाला भोक पाडून रक्त पितो. आतडं शाबूत असतं, म्हणून लेंडी शाबूत. ‘हगवण नाही म्हणजे जंत नाहीत’ या एका समजुतीपायी किती शेळ्या उशिरा दवाखान्यात येतात, मी मोजायचं सोडून दिलंय.

हा जंत मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या सुरुवातीला, भर श्रावणात, बांधावर पसरलेल्या खताच्या पोत्यावर. एका आजोबांची शेळी रात्रीतून गेली होती आणि ते म्हणत होते, पान लागलं, म्हणजे साप चावला. शवविच्छेदन करताना चौथा कप्पा चिरून उलटा केला. आतल्या घड्यांवर काही हलत होतं. आधी वाटलं चाऱ्याचे तंतू असतील. बोटानं एक उचलला, तर इंचभर लांबीचा, शिवायच्या दोऱ्याएवढा बारीक, लाल आणि पांढऱ्याचा पीळ घातल्यासारखा. लाल पीळ म्हणजे त्याचं रक्तानं भरलेलं आतडं, पांढरा पीळ म्हणजे अंड्यांनी भरलेल्या नळ्या. असे शेकडो. आजोबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “एवढी सगळी माझ्या शेळीच्या जिवावर जगत होती व्हय!” शेळी मेली की लगेच पुरून टाकू नका असं मी तेव्हापासून सांगते. पुन्हा एखादी गेलीच, तर तासाभरात डॉक्टरांना बोलवा आणि चौथा कप्पा उघडून बघायला लावा. ते पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यानं महिन्याभराची शंका मिटते.

हिशेब ऐका. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त पितो. ऐकायला काहीच नाही. पण हजार जंत असले, आणि भर पावसाळ्यात तेवढे असणं मुळीच नवलाचं नाही, तर दिवसाला ५० मिली. टपरीवरचा एक कटिंग चहा. ३० किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून दोन लिटरच्या आसपास रक्त असतं. रोज एक कटिंग जात राहिला तर ती किती दिवस तग धरेल? आणि मादी जंत दिवसाला पाच हजारांच्या वर अंडी टाकते. ती लेंडीतून रानात पडतात. ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात त्यांतून पोटात जायला तयार अळी होते, आणि ती शेळीनं गवताबरोबर गिळली की तीन आठवड्यांत पुन्हा अंडी घालणारा जंत तयार. आषाढ, श्रावण, भाद्रपद या तीन महिन्यांत किती फेरे होतात ते तुम्हीच मोजा.

आता बाटल्या. तुम्ही लिहिलंय की दर वेळी कंपनी बदलली. फोटो मोठे करून पाहिले. एक बाटली हिरव्या लेबलाची, एक निळी, एकीवर बोकडाचं चित्र. नावं तिन्हींची वेगळी. पण नावाखाली बारीक अक्षरात तिन्हींवर एकच शब्द आहे : अल्बेन्डाझोल. म्हणजे तुम्ही दुकानं बदललीत, लेबलं बदललीत, औषध एकदाही बदललं नाही. यात तुमची चूक फार नाही, कारण दुकानात ‘वेगळं द्या’ म्हटलं की वेगळी बाटलीच हातात पडते. यापुढं बाटली घेताना मोठं नाव वाचू नका, खालचं बारीक नाव वाचा. अल्बेन्डाझोल, फेनबेन्डाझोल, ऑक्सफेन्डाझोल ही सख्खी भावंडं. एकाला जंत दाद देत नसला तर दुसऱ्यालाही बहुधा देणार नाही. लेव्हामिझोल हे वेगळ्या घरातलं, आयव्हरमेक्टिन तिसऱ्या घरातलं, आणि क्लोझान्टेल, रॅफॉक्सानाइड हे रक्तपित्या जंतांवर आणि यकृताच्या कृमीवर चालणारं चौथं घर.

त्याहून मोठी गडबड त्या बुचात आहे. फोटोत बुचावर ५ मिलीची रेघ दिसते. बाटली २.५ टक्क्यांची आहे, म्हणजे एका मिलीत २५ मिलीग्रॅम औषध आणि एका बुचात १२५. शेळीला अल्बेन्डाझोल किलोमागे साधारण १० मिलीग्रॅम लागतं. मेंढीपेक्षा शेळीला जास्त लागतं, कारण शेळीचं यकृत हे औषध फार लवकर निकालात काढतं. तिला जंगलातला कडू, विषारी पालाही पचवायची सवय असते ना, त्याचाच हा दुसरा परिणाम. तर ३० किलोच्या शेळीला हवे होते ३०० मिलीग्रॅम, म्हणजे १२ मिली. तुम्ही दिलंत ५. ते साडेबारा किलोच्या पाटीला, म्हणजे अजून न व्यायलेल्या लहान शेळीला, पुरलं असतं. मोठ्या शेळीच्या पोटातले दुबळे जंत मेले, दणकट उरले, आणि त्यांचीच पोरंबाळं आता रानभर झाली आहेत. असं तीनदा झालं. आता जंत खरोखर औषधाला निर्ढावलेत की नुसता डोस कमी पडत होता, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. ती तपासणी कशी करायची ते पुढं सांगते.

उलटी चूकही करू नका. ‘१२ मिली’ एवढंच लक्षात ठेवलंत आणि पुढच्या वेळी दुकानदारानं १० टक्क्यांची बाटली दिली, तर चौपट औषध जाईल. टक्का वाचायचा, वजन काढायचं, मग मिली ठरवायचे, आणि पहिल्यांदा तरी हा हिशेब डॉक्टरांकडून तपासून घ्यायचा. वजनाला काटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, हे आलं वजन किलोत. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर ३१ किलो भरतं. गाभण शेळीचं थोडं चुकतं, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरं. मी स्वतः बरीच वर्षं नजरेनं वजन सांगायचे आणि बहुतेक वेळा कमीच सांगायचे.

पाजताना बिनसुईची सिरिंज जबड्याच्या कोपऱ्यातून घाला आणि औषध जिभेच्या मुळाशी सोडा. मान सरळ, जमिनीला समांतर. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका शिबिरात रांग संपवायच्या घाईत मी एका बोकडाचं तोंड आभाळाकडं करून बाटलीनं ओतलं. तो खोकला, मी पुढच्या शेळीकडं वळले. तिसऱ्या दिवशी तो गेला, औषध फुप्फुसात उतरलं होतं. ज्या बाईचा होता ती मला काही बोलली नाही, पुढच्या शिबिराला मात्र शेळ्या घेऊन आली नाही. अल्बेन्डाझोल आदल्या संध्याकाळी चारा कमी करून सकाळी उपाशीपोटी दिलेलं चांगलं लागतं. पाणी तोडायचं नाही, आणि अशक्त किंवा दिवस भरत आलेल्या गाभण शेळीला उपाशी ठेवायचं नाही. शिवाय तुमचा बोकड कळपातच फिरतो, म्हणजे कोणती शेळी कधी भरली हे तुम्हाला नक्की ठाऊक नसणार. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेन्डाझोल पोटातल्या करडाला बाधतं. अशा शेळ्यांसाठी डॉक्टर दुसरं औषध देतील, त्यांना ‘बोकड सुटा असतो’ हे आठवणीनं सांगा.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडं येते. इथून पुढं सगळ्या कळपाला सरसकट पाजायचं नाही. डोळा बघून पाजायचं.

दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान नावाच्या पशुवैद्यानं यासाठी एक तक्ता सुचवला. त्याच्याच नावावरून त्याला ‘फमाचा’ म्हणतात. तक्त्यावर शेळीच्या खालच्या पापणीच्या आतल्या बाजूचे पाच रंग असतात. १ म्हणजे लालभडक, ५ म्हणजे कागदासारखा पांढरा. डॉक्टरांकडं छापील तक्ता असला तर एकदा त्यांच्याबरोबर बसून शिकून घ्या. मोबाइलवर चित्र बघून रंग जुळवू नका, प्रत्येक मोबाइल वेगळा लाल दाखवतो.

बघायची रीत अशी. शेळी गोठ्याच्या अंधारात नाही, बाहेर उजेडात आणायची. एका अंगठ्यानं वरची पापणी बुबुळावर मिटवायची, हलकं आत दाबायचं, दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढायची. आतलं ओलं अस्तर टचकन बाहेर येतं. त्याचा रंग बघायचा. बुबुळाभोवतीच्या पांढऱ्याचा नाही, कोपऱ्यातल्या पडद्याचाही नाही. एका नजरेत ठरवायचं, कारण पापणी ओढून धरून ठेवली की ती आपोआप लाल होत जाते. दोन्ही डोळे बघायचे आणि ज्यात फिका रंग दिसेल तो धरायचा. धूळ गेलेला किंवा डोळे आलेला डोळा खोटा लाल दिसतो, हेही ध्यानात ठेवा. चार-पाच शेळ्या झाल्या की हात बसतो. पंधराही शेळ्या तुमच्या अर्ध्या तासात होतील.

लाल आणि लालसर गुलाबी डोळ्यांची शेळी : औषध नाही. गुलाबी फिकट झालेली, आणि त्यापुढच्या दोन्ही : औषध. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ही फेरी, उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्यानं चालेल. एका वहीत प्रत्येक शेळीच्या नावापुढं आकडा लिहीत जा. दोन-तीन महिन्यांत तुमच्या लक्षात येईल की पुन्हा पुन्हा त्याच चार शेळ्यांचे डोळे पांढरे पडतात. कळपातले बहुतेक जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात, हे जगभर दिसलेलं आहे. त्या चार शेळ्या पुढं-मागं विकायच्या, आणि त्यांच्या पोटचा बोकड कळपाला ठेवायचा नाही. जंतांना पुरून उरण्याची ताकद काही प्रमाणात वंशातून येते.

एवढं वाचून तुमच्या घरात कुणीतरी म्हणेलच की औषध आहे तर सगळ्यांनाच दिलेलं काय वाईट? याचं उत्तर तुमच्याच भागातल्या कापसानं दिलेलं आहे. बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची साध्या सरकीची एक पुडी यायची, आठवतं? कडेनं पेरा म्हणून सांगितलेली. बहुतेकांनी ती फेकून दिली. त्या साध्या ओळींवर साध्या बोंडअळ्या जगाव्यात आणि बीटीला पुरून उरलेल्या अळ्यांशी त्यांची लग्नं लागावीत, म्हणजे सगळी पैदास निर्ढावलेली होणार नाही, असा तो हिशेब होता. पुढं २०१७ साली बीटीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते मराठवाड्याला सांगायला नको. ज्या शेळीला तुम्ही औषध देत नाही, ती तुमच्या कळपाची साध्या सरकीची ओळ. तिच्या पोटातले थोडे जंत औषध न चाखलेले राहतात आणि त्यांची अंडी रानात निर्ढावलेल्यांना पातळ करत राहतात. तिचा डोळा लाल आहे, म्हणजे ती ते ओझं सहज पेलते आहे.

तपासणीचं आता. उद्या-परवा आठ-दहा शेळ्यांच्या लेंड्या गोळा करा. खालच्या उचलायच्या नाहीत. हातात प्लास्टिकची पिशवी उलटी घालून बोटानं थेट गुदातून चार-पाच लेंड्या घ्यायच्या, पिशवी तशीच उलटवून गाठ मारायची आणि वर शेळीचं नाव लिहायचं. सगळ्या पिशव्या बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी तालुक्याच्या पशुचिकित्सालयात न्यायच्या. बर्फात गोठवू नका, आणि उन्हात एसटीनं दोन दिवस फिरवूही नका, अंडी वाटेतच उबतात. ‘एका ग्रॅममागं अंडी किती’ हे मोजून द्या, असं स्पष्ट म्हणा, कारण नुसतं ‘जंत आहेत’ एवढं लिहिलेल्या कागदाचा आपल्याला उपयोग नाही. यकृताच्या कृमीची अंडीही बघायला सांगा. तालुक्याला मोजणी होत नसेल तर उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता धरा. मग वजन करून पूर्ण डोस द्यायचा, आणि १० ते १४ दिवसांनी त्याच शेळ्यांच्या लेंड्या पुन्हा. अंडी शंभराची पाचांवर किंवा त्याखाली आली तर औषध लागू आहे आणि दोष बुचाचा होता. शंभराची पन्नास राहिली, तर अल्बेन्डाझोलचं घर तुमच्या कळपापुरतं बंद झालं म्हणा. त्या पाच बाजारच्या शेळ्यांनी असे जंत बरोबर आणले असण्याचीही शक्यता आहे. इथून पुढं विकत आणलेली शेळी दोन आठवडे वेगळी बांधायची, डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध द्यायचं, लेंडी तपासायची आणि मगच कळपात सोडायची.

दुकानदाराच्या इंजेक्शनबद्दल. त्याच्या मनात बहुधा आयव्हरमेक्टिन असावं. सुईनं दिलं म्हणजे औषध जालीम झालं असं नसतं. पोटातल्या जंतांसाठी शेळीला ते तोंडावाटे दिलेलंच बरं पडतं. शिवाय यकृताच्या कृमीवर आणि पट्टकृमीवर ते मुळीच चालत नाही. क्लोझान्टेल मात्र कुणाच्याही सांगण्यावरून अंदाजे देऊ नका. रक्तपित्या जंतांवर ते उत्तम आहे, पण डोस वाढला तर शेळी आंधळी होते, आणि ती नजर परत येत नाही. लेव्हामिझोलही अंदाजे देऊ नका, त्यात योग्य डोस आणि विषबाधा यांत अंतर थोडं. कोणतंही औषध दिलं की त्यानंतर किती दिवस दूध आणि मांस वापरायचं नाही हे लेबलवर असतं. बोकड विकायच्या आधी ते बघायला विसरू नका.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं अगदीच चुकतंय असं नाही. ही आधुनिक औषधं येण्यापूर्वी पशुवैद्यही मोरचूद आणि तंबाखूचा अर्क मिसळून जंतांवर पाजत असत. पण तेव्हा दुसरं काही नव्हतं, आणि त्यात जनावरंही दगावत. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि ते तांबं यकृतात साठत जातं. आधीच रक्त आटलेल्या शेळीला तो धोका कशाला? कडुनिंबाचा पाला खुशाल घाला, शेळ्या आवडीनं खातात. वावडिंग, पळसपापडी यांवरही माझा राग नाही. फक्त पांढऱ्या डोळ्याच्या शेळीला त्यांच्या भरवशावर ठेवू नका. तिच्याकडं तेवढे दिवस नाहीत.

औषधाइतकंच काम चराईचं आहे. अळी गवताच्या बुडाशी असते. दव आणि पाऊस असला की पाण्याच्या पातळ थरातून वर चढते, तीही बहुतेक चार बोटांपर्यंतच. म्हणून शेळ्या सकाळी गवत सुकल्यावर, नऊ-दहाला सोडा. आणि तलावाच्या काठचं ते कोवळं, आखूड, हिरवंगार गवत, जे बघून आपल्यालाच बरं वाटतं, तिथं पावसाळ्यात नेऊच नका. एक तर सगळ्या गावाच्या शेळ्या तिथं लेंड्या टाकतात. दुसरं, त्या काठच्या गोगलगाईंतूनच यकृताचा कृमी आणि पोटातला पर्णकृमी येतो. पाणी घरी टाकीतून पाजा.

शेळी मुळात गवताचं जनावर नाहीच. ती मान वर करून पाला ओरबाडणारी. मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरीला भिडलेली शेळी तुम्ही रोज बघता. त्या उंचीवर अळी पोचत नाही. बोर, बाभूळ, शेवरी, हादगा, अंजन, जे मिळेल ते तोडून गोठ्यात छातीच्या उंचीवर बांधा. बाभळीच्या पाल्यातलं आणि शेंगांतलं तुरट द्रव्य जंतांना थोडं जाचतंही. सुबाभूळही चालेल, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. आता दसऱ्याच्या सुमारास तुमच्याकडं सोयाबीन निघेल. ज्या शेतात जूनपासून एकही शेळी शिरलेली नाही, ते काढणीनंतरचं रान म्हणजे तुमच्यासाठी स्वच्छ कुरण. भावकीत कुणाचं रान मिळेल ते आत्ताच बोलून ठेवा. फक्त कळपाला औषध पाजून दुसऱ्याच दिवशी तिकडं नेऊ नका. तिथं मग फक्त निर्ढावलेल्यांचीच अंडी पडतील. आणि मळणीच्या ढिगाजवळ जाऊ देऊ नका, सांडलेलं धान्य खाऊन पोट फुगेल ते वेगळंच.

करडांचं दुखणं बहुधा निराळं आहे. दीड-दोन महिन्यांच्या चारही करडांना एकदम पातळ हगवण, ती कधी रक्ताळ, म्हणजे कॉक्सिडिया. हा जंत नव्हे, डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव. त्याच्यावर जंताचं कोणतंच औषध चालत नाही, तुम्ही कितीही बुचं पाजा. त्याला सल्फा किंवा अँप्रोलियम लागतं आणि ते वजनावर, डॉक्टरांकडूनच. तो ओल्या, गर्दीच्या जागेतून येतो. करडं मोठ्या शेळ्यांपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा, चाऱ्यात पाय घालून उभी राहतात ते थांबवा, खालचा ओला थर रोज काढून उकिरड्यावर दाबून टाका. पाणी कमी पडू देऊ नका, करडू हगवणीपेक्षा पाणी आटल्यानं आधी जातं.

आणि हे सगळं करायच्या आधी, पत्र हातात पडेल त्याच दिवशी : ज्यांच्या जबड्याखाली पाणी आहे त्या शेळ्या रानात पाठवू नका. घरीच बांधा. पळवू नका, पकडायला मागं धावू नका. एवढ्या कमी रक्तावर शेळी नुसत्या धावण्यानंही कोसळते, मग लोक म्हणतात औषधानं मेली. डॉक्टरांना घरी बोलवून त्यांना औषध आणि लोहाचं इंजेक्शन द्या. सोबत रोज मूठ-दोन मूठ शेंगदाण्याची पेंड आणि पाला, हळूहळू वाढवत. जंत गेले तरी रक्त भरायला महिना-दीड महिना लागतो. व्यायला आलेल्या आणि नुकत्या व्यायलेल्या शेळ्यांकडं जास्त लक्ष ठेवा, त्या दिवसांत त्यांची ताकद दुधाकडं जाते आणि जंतांचं फावतं. पेंडीचा खर्च करायचाच तर त्यांच्यावर करा.

आंत्रविषाराची लस दर वर्षी पावसाळ्याआधी टोचता ना? पत्रात उल्लेख नाही. पुढच्या वैशाखात लसीच्या दोन आठवडे आधी कळपाचे डोळे बघून घ्या.

जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं मात्र अजून उस्मानाबादीच आहे. काळी, लांब कानांची, जुळी देणारी ही चिवट जात तुमच्याच मातीतली आहे. ती दोन पावसांत हरत नाही. पुढच्या पत्रात मला १५ शेळ्यांच्या डोळ्यांचे आकडे, त्यांची टेपनं काढलेली वजनं आणि लेंडीच्या दोन्ही तपासण्यांचे कागद पाठवा. बाटलीचा फोटो पाठवलात तर बारीक अक्षरांचा पाठवा.